बारा आठवडे थांबायचं म्हणजे काय करायचं?

वाचकाचं पत्र

डॉक्टर मॅडम, माझे बाबा ६२ वर्षांचे आहेत, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. तंबाखू-चुना चाळीस वर्षं. या वर्षी जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला, गळ्यात उजवीकडे गाठही होती. ऑपरेशन केलं नाही. ३५ रेडिएशन आणि सोबत किमो असे उपचार झाले. शेवटचं रेडिएशन झाल्यावर डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पेट स्कॅन सांगितला होता. पण मामा म्हणाले, "तीन महिने कशाला वाट बघायची, लवकर कळलेलं बरं." म्हणून आम्हीच एका खाजगी सेंटरमध्ये ३६व्या दिवशी स्कॅन काढून घेतला. रिपोर्टात जिभेच्या मुळाशी 'एफडीजी अ‍ॅव्हिड' भाग आहे, एसयूव्ही ५.८, गळ्यात १.३ सेंटिमीटरची गाठ आहे आणि 'रेसिड्युअल डिसीज नाकारता येत नाही' असं लिहिलंय. तेव्हापासून घरात कोणी नीट जेवलेलं नाही. ओपीडीची तारीख अजून १८ दिवसांवर आहे. कॅन्सर राहिलाय का? ऑपरेशन करावं लागेल का? सेंटरवाले म्हणतात एमआरआय पण करून घ्या, करू का? पुढे दर तीन महिन्यांनी पेट काढत राहायचं का? आम्ही बाबांना रिपोर्ट दाखवलेला नाही. आणि घरात माझा दोन वर्षांचा मुलगा आहे, त्याला या स्कॅनचा त्रास होईल का?

— एक मुलगी, भांडुप

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचताना ५.८ या आकड्यावरून मी सरळ पुढे गेले आणि ३६वर थांबले. रेडिएशन संपल्यापासून ३६व्या दिवशी स्कॅन निघालाय. तो निघायला हवा होता साधारण ८४व्या दिवशी, म्हणजे बारा आठवड्यांनी. तुमच्या डॉक्टरांनी तीन महिने सांगितले ते ओपीडीत गर्दी आहे म्हणून सांगितले नव्हते. मामांवर रागावू नका. तीस वर्षं स्कॅनचे रिपोर्ट लिहिणाऱ्या माझ्या घरात अशी वाट बघायची वेळ आली असती, तर माझ्याही भावाने हेच केलं असतं.

पेट स्कॅनमध्ये आपण बघतो काय, ते आधी सांगते. शिरेतून जे औषध देतात, तुमच्या रिपोर्टातलं 'एफडीजी', ते साखरेसारखं असतं, त्याला किंचित किरणोत्सर्गी शेपूट जोडलेलं असतं. जिथल्या पेशी हावरटासारखी साखर ओढतात तिथे ते साठतं आणि चित्रात उजेड दिसतो. कॅन्सरच्या पेशी साखर ओढतात हे खरं. पण जखम भरून काढणाऱ्या, सूज आवरणाऱ्या, मेलेल्या पेशी उचलून नेणाऱ्या आपल्याच पांढऱ्या पेशीसुद्धा तितक्याच जोराने ओढतात. यंत्राला दोघांतला फरक कळत नाही.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीवर कधी गेलाय का? विसर्जन संपलेलं असतं, मंडळं घरी गेलेली असतात, तरी वाळूवर शेकडो माणसं वाकून कामाला लागलेली दिसतात. वरून हेलिकॉप्टरमधून कोणी फोटो काढला तर तो म्हणेल, अजून गर्दी आहे की! ती गर्दी सफाई करणाऱ्यांची असते. बाबांच्या जिभेच्या मुळाशी ३६व्या दिवशी नेमकी कोणाची गर्दी आहे, भक्तांची की सफाईवाल्यांची, हे त्या चित्रावरून कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. मीही नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. रेडिएशन बंद झालं म्हणजे त्याचं काम बंद झालं असं नाही. किरणांनी घायाळ झालेल्या पुष्कळ पेशी लगेच मरत नाहीत. पुढे दुभंगायला जातात आणि तेव्हा मरतात. हे कितीतरी आठवडे चालू असतं. म्हणजे पाचव्या आठवड्यात दिसणाऱ्या काही पेशी खरोखर कॅन्सरच्या असल्या, तरी त्यांचं पुढचं तिकीट फाटलेलं असू शकतं. म्हणून घाईने तिथला तुकडा काढून तपासायलाही शहाणा सर्जन सहसा तयार होत नाही. मरायला टेकलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशीसारखीच दिसू शकते, आणि भाजलेल्या जागी केलेली जखम लवकर भरत नाही.

तेव्हा तुमचा पहिला प्रश्न, "कॅन्सर राहिलाय का?" या रिपोर्टावरून त्याचं उत्तर मिळत नाही. ना हो, ना नाही. पैसे गेले, झोप गेली, पण वाईट बातमी अजून आलेली नाही.

आता 'रेसिड्युअल डिसीज', म्हणजे उरलेला आजार, 'नाकारता येत नाही' या शब्दांबद्दल. हे माझ्याच जातभाईंचं वाक्य आहे, तेव्हा थोडं पोटातलं सांगते. रेडिओलॉजिस्ट काळोख्या खोलीत चित्रासमोर बसलेला असतो, पेशंट त्याने क्वचितच पाहिलेला असतो. त्याच्या हातात एक कागद येतो. तुमच्या बाबांच्या कागदावर बहुधा एवढंच असेल, 'जिभेच्या मुळाचा कॅन्सर, पेट-सीटी करा.' रेडिएशन कधी संपलं, गाठ आधी केवढी होती, जुना स्कॅन कुठे आहे, यातलं काही नसेल तर तो बिचारा काय लिहिणार? तो स्वतःला सांभाळून लिहितो, आणि त्या सांभाळून लिहिण्याची किंमत तुमच्यासारखी घरं रात्रभर जागून चुकवतात. म्हणून पुढचा स्कॅन ज्या दिवशी असेल त्या दिवशी फॉर्मवर रेडिएशन संपल्याची तारीख लिहिली आहे ना, हे बघा. नसेल तर काउंटरवर लिहून घ्या. या एका ओळीने रिपोर्टाचा सूर बदलतो.

एसयूव्ही म्हणजे एखादी जागा ती साखर किती ओढते त्याचा आकडा. पण एसयूव्ही ५.८ म्हणजे दहावीचे मार्क नव्हेत. तो आकडा यंत्रागणिक बदलतो, त्या सकाळी रक्तात साखर किती होती त्यावर बदलतो, इंजेक्शननंतर चित्र ५० मिनिटांनी काढलं की ८० मिनिटांनी यावरही बदलतो. अमुक आकड्याच्या वर कॅन्सर आणि खाली नाही अशी रेघ नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी पाठवली असेल तर ती पुसून टाका. आम्ही आकड्यापेक्षा उजेडाचा आकार बघतो. पसरट, फिकट, दोन्ही बाजूंना सारखा असेल तर सूज वाटते. एकाच जागी टपोरा, आधी गाठ होती नेमका तिथेच ठसठशीत असेल तर काळजी वाटते. रिपोर्ट पुन्हा काढून बघा, त्यात 'डिफ्यूज' लिहिलंय की 'फोकल'. 'डिफ्यूज' म्हणजे पसरट, 'फोकल' म्हणजे एकाच जागी. अर्थात हा शब्द सापडला म्हणून पेढे वाटू नका आणि दुसरा सापडला म्हणून रडू नका. डॉक्टरांशी बोलताना प्रश्न नेमका विचारता यावा, एवढ्यासाठीच सांगितलं.

फसायला किती सोपं असतं ते माझ्याच उदाहरणावरून सांगते. वीसेक वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरचा उपचार झालेल्या एका गृहस्थांचा स्कॅन मी वाचत होते. स्वरयंत्राच्या उजव्या पट्टीवर लख्ख उजेड. मी झोकात लिहिलं, 'संशयास्पद, बायॉप्सी करावी.' दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या सर्जनचा फोन आला. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं होतं. डावी पट्टी लुळी पडली होती आणि बोलताना उजवी एकटी दुप्पट राबत होती, म्हणून ती साखर ओढत होती. "मॅडम, घरात जो एकटा कमावतोय त्याच्यावरच तुम्ही चोरीचा आळ घेतलात," असं म्हणाले. तेव्हापासून पट्टीवर उजेड दिसला की मी आधी समोरची हलते का ते विचारते.

आपल्या मुंबईत आणखी एक चकवा आहे, परदेशी पुस्तकांत तो तळटिपेत असतो आणि आपल्याकडे रोजच्या ओपीडीत. टीबी. गळ्यातली टीबीची गाठ पेटवर अगदी कॅन्सरसारखी उजळते. स्कॅन एकदा स्वच्छ आलेला, आणि सहा महिन्यांनी गळ्यात नवी गाठ चमकली म्हणून अख्खं कुटुंब कोलमडलेलं, आणि सुईने पाणी काढून तपासलं तर टीबी, हे मी एकदा नव्हे पुष्कळदा पाहिलंय. टीबीच्या गोळ्यांनी गाठ जाते. सुईच्या तपासणीआधी कोणी "पसरलाय" म्हणालं तर ऐकून घ्या, पण मनावर घेऊ नका.

बारा आठवडे हा आकडा कोणाच्या लहरीतून आलेला नाही. ब्रिटनमध्ये ३७ रुग्णालयांत ५६४ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, २०१६ साली ती प्रसिद्ध झाली. सगळ्यांना तुमच्या बाबांसारखा गळ्यातल्या गाठींपर्यंत पोचलेला कॅन्सर होता आणि सगळ्यांना किमो-रेडिएशन द्यायचं होतं. अर्ध्यांच्या गळ्याचं ऑपरेशन करायचं हे आधीच ठरलेलं होतं. उरलेल्यांचा बारा आठवड्यांनी पेट-सीटी काढला, आणि ज्यांच्या चित्रात गाठी विझलेल्या नव्हत्या किंवा शंका उरली होती त्यांनाच ऑपरेशनला नेलं. दोन वर्षांनी जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं, पेटवाल्या गटात ८४.९ टक्के आणि ऑपरेशनवाल्या गटात ८१.५ टक्के. गळ्यावर सुरी मात्र पेटवाल्या गटात फक्त ५४ जणांच्या चालली, ऑपरेशनवाल्या गटात २२१ जणांच्या. त्याआधी उपचारानंतर गळा उघडून उरलेल्या गाठी काढून टाकणं ही पुष्कळ ठिकाणी रीतच होती. खांदा वर न होणं, मान आखडणं हे त्याचे भोग. योग्य वेळी काढलेल्या एका स्कॅनने ते भोग वाचतात, म्हणून त्या वेळेला एवढं जपायचं. एक खोच मात्र आहे. त्या चाचणीतले बरेच रुग्ण एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या कॅन्सरचे होते, आणि तो उपचारांना जास्त चांगली दाद देतो. आपल्याकडे तंबाखूचा कॅन्सर जास्त. म्हणून आपण स्कॅन मानायचा, पण डॉक्टरांच्या बोटांना सुट्टी द्यायची नाही.

बोटं म्हणताना गंमत करत नाहीये. जिभेच्या मुळाशी हातमोजा घालून दाबून बघितलं की जुना वण आणि कडक गाठ यांतला फरक अनुभवी बोटाला जेवढा कळतो, तेवढा कित्येकदा माझ्या कोट्यवधींच्या यंत्राला कळत नाही. नाकातून दुर्बीण आणि गळ्यावर हात, हे प्रत्येक भेटीत व्हायलाच हवं. झालं नाही तर नम्रपणे विचारा.

तर आता काय करायचं. १८ दिवसांनी ओपीडीची तारीख आहे, ती उत्तम आहे, साधारण आठवा आठवडा होईल. सोबत या स्कॅनची सीडी न्या, नुसता छापील रिपोर्ट नको. उपचारांच्या आधीचा स्कॅन किंवा एमआरआय असेल त्याचीही सीडी न्या. तुलनेशिवाय आम्ही अर्धे आंधळे. १.३ सेंटिमीटरची गाठ आधी ३ सेंटिमीटरची होती की १.४ची, यावर सगळा अर्थ फिरतो, आणि तुमच्या पत्रात नेमकं तेच नाही! डॉक्टर तपासतील, आणि बहुतेक म्हणतील की बारा आठवडे होऊ द्या, पुन्हा काढू. तेव्हा "आत्ताच काढलाय की" असं म्हणून वाद घालू नका. तो दुसरा स्कॅनच खरा पहिला स्कॅन. पुढच्या सगळ्या वर्षांची तुलना त्याच्याशी होणार आहे, म्हणून शक्यतो जिथे उपचार झाले तिथेच, त्याच यंत्रावर काढा.

काही गोष्टींसाठी मात्र थांबायचं नाही. तोंडातून ताजं रक्त आलं किंवा श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज येऊन धाप लागली, तर त्याच रात्री कॅज्युअल्टीत न्या. गळ्यातली गाठ हाताला वाढताना जाणवली, दुखणं कमी होत होतं ते उलट वाढायला लागलं, विशेषतः एकाच कानात ठणका मारायला लागला, पाणीसुद्धा गिळेनासं झालं किंवा वजन भराभर उतरलं, तर तारखेची वाट न बघता ओपीडीत जाऊन बसा. कानाचं लोक हसण्यावारी नेतात. जिभेच्या मुळाची आणि कानाची नस एकच, घशातलं दुखणं कानात बोलतं.

एमआरआयचा प्रश्न. आत्ता नको. एमआरआय वाईट म्हणून नव्हे. जिभेच्या मुळासाठी तो फार चांगला, मऊ भाग त्यात स्वच्छ दिसतात, आणि जुना घट्ट वण काळा पडत जातो तर कॅन्सर तेवढा काळा पडत नाही. पण पाचव्या-सहाव्या आठवड्यात सगळीकडे पाणी धरलेलं असतं, वण अजून जुना झालेला नसतो. म्हणजे एका धूसर चित्राशेजारी दुसरं धूसर चित्र. बारा आठवड्यांच्या पेटमध्ये शंका उरली तर त्या शंकेच्या जागेचा एमआरआय काढण्यात अर्थ आहे. आणि गळ्याच्या गाठीसाठी सोनोग्राफी विसरू नका. आपल्याकडे सोनोग्राफी म्हणजे गरोदरपणाचं मशीन असा समज आहे. चांगल्या हातात ती गळ्यातली गाठ आतून बघते आणि बघता बघता तिच्यात नेमकी सुई घालता येते. स्वस्त आहे, किरण नाहीत. सेंटरवाले ती सुचवणार नाहीत, का ते तुम्हीच ओळखा.

ऑपरेशन लागेल का, हे त्या दुसऱ्या स्कॅननंतर. स्वच्छ आला तर नाही. या जागी पेटची एक खोड ध्यानात ठेवा, तो "काही नाही" म्हणाला तर त्याच्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो, "काहीतरी आहे" म्हणाला तर तेवढा नाही. शंका राहिली तर बायॉप्सी किंवा सुई, किंवा काही आठवड्यांनी पुन्हा चित्र. तुकड्यात कॅन्सर निघाला तर मात्र ऑपरेशनचा विचार लवकर करावा लागतो. ती बैठक सर्जन, रेडिएशनचे आणि किमोचे डॉक्टर एकत्र बसून घेतात. त्यात मी आत्ता शिरत नाही.

रिपोर्टात कदाचित 'नी-रॅड्स' आणि पुढे आकडा दिसेल. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टच्या संस्थेने बनवलेली ती मोजपट्टी आहे, मूळ जागेला वेगळा आकडा आणि गळ्याला वेगळा. १ म्हणजे काही दिसत नाही, २ म्हणजे थोडी शंका, ३ म्हणजे दाट शंका, तुकडा तपासा, ४ म्हणजे परत आलाय हे उघड आहे. शून्य दिसला तर आनंदाने उड्या मारू नका, त्याचा अर्थ जुनी चित्रं मिळाली नाहीत म्हणून आकडा देता येत नाही. म्हणजे पुन्हा सीडी! मला ही पट्टी आवडते. 'नाकारता येत नाही'च्या आड लपायला जागा राहत नाही, पुढे काय करायचं ते लिहावंच लागतं.

खऱ्या स्कॅनच्या दिवसाची तयारी जरा तपशिलात सांगते, कारण निम्मे घोटाळे इथे होतात. आधी सहा तास उपाशी, साधं पाणी चालतं. बाबांना नाकातून किंवा पोटातून नळी असेल तर नळीतून दिलेलं दूध, ज्यूस, पावडर हेसुद्धा जेवणच. "तोंडाने काही दिलं नाही हो" असं सांगणारे नातेवाईक मी रोज पाहते, आणि पहाटे पाच वाजता नळीतून दोनशे मिली प्रोटीन गेलेलं असतं. मधुमेह असेल तर गोळ्या-इन्सुलिनचं आदल्या दिवशीच विचारून ठेवा. रक्तातली साखर २००च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी परत पाठवतात. आदल्या दिवशी दमवणारं काही नको. भांडुपहून सकाळच्या लोकलने, दारात लटकून, जिने चढून उतरून पोचलात तर खांद्याचे-मानेचे स्नायू साखर खाऊन बसतात आणि नेमका गळाच चित्रात बरबटतो. त्या दिवशी टॅक्सी करा. अंगावर स्वेटर किंवा शाल असू द्या. एसीत कुडकुडलं की मानेतली एक प्रकारची चरबी पेटते आणि ती गाठींसारखी दिसते.

इंजेक्शननंतर तासभर बाबांनी बोलायचं नाही, चघळायचं नाही, खाकरत बसायचं नाही. आयुष्यभर "पुढे चला, पुढे चला" म्हणत आलेल्या माणसाला हे कठीण जाईल. पण बोललं की जीभ आणि स्वरयंत्र उजळतं, आणि आपल्याला बघायचंय ते नेमकं तिथेच.

वेळेवर पोचा. त्या औषधातला फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. तो सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रात बनतो, बऱ्याच सेंटरना गाडीने येतो आणि ट्रॅफिकमध्येही निम्मा होत राहतो, तुमच्यासाठी थांबत नाही. मी शिकत होते तेव्हा हे सगळं ऐकीव होतं. देशातलं पहिलं पेट यंत्र २००२ साली आपल्या परळलाच, अणुऊर्जा खात्याच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आलं. आज उपनगरांतही सेंटरं निघाली आहेत, त्यामुळेच मामांना "लवकर कळलेलं बरं" करता आलं.

नातवाचं उत्तरही याच ११० मिनिटांत आहे. नऊएक तासांत ते औषध बत्तिसाव्या भागावर येतं, लघवीतून जातं ते वेगळंच. स्कॅनच्या दिवशी रात्रीपर्यंत मुलाला आजोबांच्या मांडीवर देऊ नका, बाबांनी पाणी भरपूर प्यावं, बाथरूममध्ये पाणी नीट ओतावं. घरात कोणी गरोदर असेल तर तिनेही त्या दिवशी लांब राहावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडी मोकळी. ३६व्या दिवशीच्या स्कॅनचं जे काही होतं ते केव्हाच संपलंय, मुलाला काही झालेलं नाही.

दर तीन महिन्यांनी पेट? नको. बारा आठवड्यांचा स्कॅन स्वच्छ आला आणि तक्रार नसेल तर उगाच पेट काढत राहिल्याने माणसं जास्त जगतात असं दिसलेलं नाही. खोटे उजेड, सुया आणि जागरणं मात्र वाढतात. हा कॅन्सर परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो, म्हणून तपासणीच्या भेटी तेव्हा दाट असतात. पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा, मग पाचव्या वर्षापर्यंत चार ते आठ, त्यानंतर वर्षाला एकदा. या भेटी चुकवायच्या नाहीत. स्कॅनचे पैसे वाचतील त्यातून सहा महिने ते वर्षाने टीएसएच ही रक्ताची तपासणी करा. गळ्याच्या रेडिएशनने थायरॉइड हळूहळू मंदावतो. माणूस सुस्त होतो, थंडी वाजते, बोलेनासा होतो, आणि घरचे समजतात कॅन्सर आला. एका छोट्या गोळीने ते सुटतं.

दात मात्र परस्पर उपटू नका. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात काढला की हाड उघडं पडून सडू शकतं, आणि ते सडलेलं हाड पेटवर कॅन्सरसारखंच पेटतं. कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात जाण्याआधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा. आणि तंबाखू पूर्ण सुटली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सुटली नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर बोलता येतं. त्याच जागी किंवा फुप्फुसात, अन्ननलिकेत दुसरा कॅन्सर उगवण्याची भीती तंबाखूने टिकून राहते, आणि ती कुठल्याच स्कॅनने कमी होत नाही.

राहिले बाबा. रिपोर्ट कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला असेल. माझ्या आईचाही आम्ही तिथेच ठेवला होता, आणि तिला तो पहिल्याच दिवशी सापडला होता. ती तीन महिने आम्हाला बरं वाटावं म्हणून माहीत नसल्यासारखी वागली. तुमचे बाबा चालत्या बसमध्ये सत्तर माणसांच्या तोंडांकडे बघून कोणी तिकीट काढलं नाही ते ओळखत होते. घरातली चार न जेवलेली तोंडं त्यांना वाचता येत नसतील असं तुम्हाला खरंच वाटतं? सांगायलाही आता अवघड काही नाही. "स्कॅन लवकर काढला, त्यामुळे नीट कळत नाही, बारा आठवड्यांनी पुन्हा काढायचाय," एवढंच खरं आहे आणि एवढंच सांगायचं. मामांनाही समोर बसवा, म्हणजे त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

आणि ओपीडीला जाल तेव्हा दोन्ही सीड्या, रेडिएशनचा समरी कागद आणि जुन्या बायॉप्सीचा रिपोर्ट एका पिशवीत घालून पिशवी बाबांकडेच द्या. सुट्ट्या पैशांचा हिशेब त्यांनी जन्मभर ठेवलाय, एक कागद इकडचा तिकडे होणार नाही.